भोवतीचे तुकडे

त्या कारखान्यात फुटबॉल हातानेच शिवले जात. यंत्रावर शिवलेला बॉलही दिसायला तेवढाच गोल असतो, पण चार लाथा बसल्या की त्याचे टाके दात विचकायला लागतात, असं तिथली माणसं छातीठोकपणे सांगायची. लांबट खोली, दोन्ही बाजूंना उंच खिडक्या, बुटक्या स्टुलांच्या रांगा. प्रत्येकाच्या गुडघ्यांत लाकडी चिमटा, चिमट्यात चामड्याचे दोन तुकडे कडेला कड लावून धरलेले, एकाच दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया. आरीने भोक पाडायचं, दोन्हीकडून सुया आरपार घालायच्या, मेण लावलेला दोरा कचकन ओढायचा. हात गुंतलेले, डोळे गुंतलेले, कान तेवढे मोकळे.

त्या मोकळ्या कानांसाठी तिथे एक जुनी रीत होती. खोलीच्या मध्यावर एक उंच स्टूल ठेवलेलं असे. त्यावर एकजण बसून दिवसभर मोठ्याने पुस्तक वाचणार, आणि त्याच्या वाट्याचे बॉल बाकीचे सगळे थोडे थोडे शिवून त्याच्या टोपलीत टाकणार. वाचन आवडलं नाही तर चिमटा जमिनीवर ठोकायचा. अख्ख्या खोलीने ठोकला की वाचणाऱ्याने मुकाट खाली उतरायचं. वाचणाऱ्या मावशींनी ते स्टूल वर्षानुवर्षं सांभाळलं, मग त्यांचा घसा कायमचा बसला आणि त्या लेकीकडे राहायला गेल्या. लोक स्टुलावर जेवणाचे डबे ठेवायला लागले.

आता वकिलाकडे येऊ. हा वकील कोर्टातला नव्हे. ही बॉल शिवणारी बाई, पस्तिशीची, जिभेला धार असलेली. ‘का’ विचारल्याशिवाय ती घोटभर पाणीसुद्धा प्यायची नाही, म्हणून खोलीने तिला ते नाव बहाल केलं होतं. तिचे आईवडील ती लहान असतानाच गेले. आत्याने वाढवलं, आत्यानेच या खोलीत आणून सुई हातात दिली. आणि आत्या कोण, तर या खोलीची मुकादम. आत्या सगळ्यांनाच झापायची, पण भाचीला झापायला लागली की खिडक्यांच्या काचा थरथरायच्या.

तर या वकिलाच्या उजव्या अंगठ्याने दगा दिला. आधी तो नुसता ठणकायचा, मग अडकायला लागला, मग सुई हातातून गळून पडायला लागली. डॉक्टर म्हणाले, सुईदोरा बंद, तोही कायमचा, नाहीतर हा अंगठा शोभेपुरता उरेल.

"मग आता इथे बसून काय माशा मारणार आहेस?" आत्याने सगळ्यांसमोर विचारलं. "सुई धरता येत नसेल तर घरी बस. खिडकीतून रस्ता बघत बस."

घरी बसणं म्हणजे काय, हे वकिलाला पक्कं ठाऊक होतं. आत्या सकाळी कामाला निघणार, संध्याकाळी परतणार, आणि मधला अख्खा दिवस चार भिंतींशी गप्पा मारायच्या. ही खोली, हा मेणाचा वास, ही भांडखोर माणसं, एवढंच तर तिचं जग होतं. ते सोडून जायची तिची बिलकूल तयारी नव्हती. पण घाबरलेलं तोंड दाखवेल तर ती वकील कसली! तिने स्टुलावरचे डबे एकेक करून खाली ठेवले आणि वर चढून बसली.

"मी वाचते," ती म्हणाली.

"तू?" बिजली हसली. बिजली म्हणजे खोलीतली सगळ्यात चपळ शिवणारी, वयाने विशीतली. तिला आणि तिच्या वयाच्या सगळ्यांना वाचन-बिचन काही नको होतं. मालकाने भिंतीवर स्पीकर लावून द्यायची तयारी दाखवली होती, आणि पोरांचे कान त्या गाण्यांकडे लागले होते. "तू तर सातवीत शाळा सोडलीस!"

"सातवीपर्यंत सगळी अक्षरं होतात गं. पुढे नवीन अक्षरं शिकवत नाहीत, मी चौकशी केली आहे."

खोली हसली. आत्या नाही हसली. तिने कमरेवर हात ठेवून निवाडा दिला. एक पुस्तक वाचायचं. ते संपलं की हात वर करून ठरवायचं, वाचन हवं की स्पीकर.

"आणि तोवर हिचे बॉल कोण शिवणार?" बिजलीने विचारलं. "आम्ही नाही हं. आधी ऐकू तर दे, मग शिवू."

"बरोबर आहे," आत्या म्हणाली. "माझी भाची आहे म्हणून कोणावर जुलूम नाही. ज्याला वाटेल त्याने टाकावा तिच्या टोपलीत बॉल. नाही वाटलं तर नका टाकू."

हे ऐकून वकील चरकली. मालकाचा नियम कडक होता. सकाळी टोपल्या उचलताना जिची टोपली रिकामी, तिचं नाव पटावरून कमी. म्हणजे दिवसभर वाचायचं, आणि लोकांना आवडलं तरच दुसऱ्या दिवशी इथे पाय ठेवायचा. बरं तर बरं, असं मनाशी म्हणून तिने कोपऱ्यातल्या कपाटातून एक जाडजूड कादंबरी काढली. मुखपृष्ठ केव्हाच फाटून गेलेलं, पण आतली पानं शाबूत होती. एक नावाडी आणि त्याची एकुलती एक मुलगी, यांची ती गोष्ट होती.

पहिल्याच पानावर गाडी अडली. "‘निबिड धुक्यात नावाड्याला स्वतःच्या होडीचं टोकही दिसेना.’" वाचता वाचता वकील थांबली. निबिड? हा कोण पाहुणा?

दोन चिमटे ठोकले गेले. "थांबतेस काय? मावशी कधी थांबायच्या नाहीत!"

खरंच की. मावशी कधीच थांबायच्या नाहीत. वकिलाला शंका आली. ती उतरून कपाटापाशी गेली आणि मावशींनी मागे वाचून संपवलेलं एक पुस्तक मधेच उघडलं. पानापानावर असे शब्द बसले होते, जे या खोलीने जन्मात ऐकले नव्हते. "अगं बाई!" ती ओरडली. "मावशी गाळायच्या! अवघड शब्द आला की सरळ उडी मारायच्या!"

मग काय, एकच गलका. पंपवाले काका, म्हणजे शिवलेल्या बॉलमध्ये हवा भरून तो तपासणारे, सगळ्यांत म्हातारे, ते हसता हसता खोकायला लागले. "तरीच म्हटलं," ते म्हणाले, "त्या राजवाड्याच्या गोष्टीत एका पानावर सगळे जेवायला बसले आणि पुढच्या पानावर सगळे मेलेले. कशाने मेले ते मला आजतागायत कळलेलं नाही!"

"मी नाही गाळणार," वकील म्हणाली.

"मग काय, शब्दकोश मांडीवर घेऊन बसणार?" बिजली म्हणाली.

"तसं केलं तर ही गोष्ट तुझ्या नातवंडांच्या लग्नापर्यंत चालेल." तिने वाकून बिजलीच्या चिमट्यातला अर्धवट बॉल उचलला. त्यात मधे एक जागा रिकामी होती. "इथे कोणता तुकडा बसणार?"

"पंचकोनी. काळा."

"कशावरून? तुकडा तर दिसत नाही."

"आंधळी आहेस का? भोवती सगळे पांढरे षटकोनी आहेत, पाच कडा मोकळ्या आहेत. दुसरा बसेलच कसा?"

"झालं तर. शब्दाचंही तेच. तो कळत नसेल तर त्याच्या भोवतीचे बघायचे. धुकं आहे. स्वतःच्या होडीचं टोकसुद्धा दिसत नाही. मग धुकं कसलं असेल?"

"दाट!" चार-पाच तोंडांतून एकदम आलं.

"घट्ट!" काकांनी आपलं घोडं पुढे दामटलं.

"लावून बघू. दाट धुक्यात टोकही दिसेना. बसतो. चला पुढे." आणि वकील असा काही वाचत सुटली, जणू ती त्या स्टुलावरच जन्मली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आली तेव्हा तिची टोपली भरलेली होती. व्यवस्थित, टपोरे, घट्ट शिवलेले बॉल. वकिलाची मान ताठ झाली. बघा, म्हणे शिवणार नाही! पोरं तोंडाने काहीही बोलोत, वाचन आवडलं म्हणूनच ना गुपचूप टाकले? तिने कोणाला काही विचारलं नाही. जिंकणाऱ्याने पुरावे मागायचे नसतात.

त्या दिवसापासून टोपली रोज भरलेली मिळायला लागली आणि वाचनाला रंग चढला. नवा शब्द आला की वकील एक बोट वर करायची. सुया चालूच राहायच्या, पण खोली कान टवकारायची. एकदा वाक्य आलं, ‘त्या चोरट्या कोळ्याला उपरती झाली आणि त्याने पळवलेलं जाळं आपल्या हाताने परत नेऊन ठेवलं.’

"उपरती म्हणजे ओकारी," बिजली ठामपणे म्हणाली. "काहीतरी अरबट-चरबट खाल्लं असणार."

"ओकारी झाली म्हणून कोणी जाळं परत देतं होय?" वकिलाने उलट तपासणी सुरू केली. "तुला मागच्या आठवड्यात झाली होती, माझा कंगवा कुठे परत दिलास?"

खोली फुटलीच. हसू ओसरल्यावर खिडकीजवळून कोणीतरी म्हणालं, मनाने खाल्लं असेल त्याला, पस्तावला असेल. लावून बघितलं, बसलं. बिजलीने दुसऱ्या दिवशी कंगवाही आणून दिला, आणि देताना म्हणाली, "घे, झाली मला उपरती."

पण फार सोपं वाटायला लागलं की माणूस घाई करायला लागतो. वकिलाचंही तसंच झालं.

गोष्टीत नावाड्याच्या मुलीला दूरच्या खडकावरच्या दीपगृहात काम मिळालं. बापाला एकटं टाकून कशी जाऊ, म्हणून ती घुटमळत होती. तेव्हा ‘नावाडी कृतक कोपाने ओरडला, चालती हो! पुन्हा या काठावर तोंड दाखवू नकोस! आणि त्याने वल्हं दाणकन आपटलं.’

वकिलाने बोट वर केलं. कोप म्हणजे राग, हे सगळ्यांना माहीत होतं. कृतक?

"भयंकर!" अख्खी खोली ओरडली. "वल्हं आपटतोय बघ!"

"भयंकर रागाने ओरडला. बसतो," वकील म्हणाली आणि पान उलटलं. लगेच पुढे तोच शब्द पुन्हा भेटला. ‘पहाटे मुलगी निरोप घ्यायला आली तेव्हा नावाडी कृतक निद्रेत पडून होता. तिची पावलं काठापलीकडे विरून जाईपर्यंत त्याने डोळे उघडले नाहीत.’ भयंकर झोप, म्हणजे गाढ. इथेही बसला! वकील खूश झाली.

"घोरत पडलाय मेला," बिजली चिडून म्हणाली. "पोटची पोर निघाली, आणि हा आपला पसरलाय."

तेव्हापासून नावाडी खोलीचा वैरी झाला. त्याचं नाव आलं की लोक दोरा जरा जास्तच जोरात ओढायचे. खोली कधी नव्हे इतकी एक झाली होती, आणि वकिलाला वाटलं, आता हे स्टूल आपलंच.

घरी मात्र आत्याच्या तोंडाचा पट्टा चालूच होता. "स्टुलावर बसून राणी झालीस का? भांडी कोण घासणार?" आत्या हल्ली कारखान्यातून उशिरा यायची. कुलूप नीट लागत नव्हतं म्हणायची, आणि आल्या आल्या कशावरून तरी तडकायची. एकदा ताट वाढताना तिच्या नखांत काहीतरी पिवळट दिसलं, आणि बोटाला चिकटपट्टी. वकिलाने विचारलं, "हे काय?" तर म्हणाली, "तुझं डोकं!" वकिलाला वाईट वाटलं. खरंच वाईट वाटलं. सगळी खोली माझ्या बाजूची झाली, आणि घरचं एकच माणूस तेवढं उलट्या तोंडाचं, असं मनाशी म्हणत तिने त्या दिवशी जेवण उरकलं.

पुस्तक संपत आलं आणि बॉम्ब फुटला.

दीपगृहाच्या खडकावर कोणीतरी इतकी वर्षं, धुकं असो वा वारा, होडीतून गोड्या पाण्याचं पिंप आणून ठेवत होतं आणि तोंड न दाखवता निघून जात होतं. ते कोण, हे ओळखण्यावर खोलीत पैजा लागल्या होत्या. आणि आता मुलीने एका सकाळी पायऱ्यांवरून वाकून बघितलं, तर होडीत तिचा म्हातारा बाप.

बिजलीने चिमटा ठोकला. "खोटं आहे हे! ज्याने हाकलून दिलं, झोपून राहिला, तो कशाला पाणी आणेल?"

"लिहिणारा विसरला असेल आधी काय लिहिलं ते," खिडकीजवळून आवाज आला.

"नाहीतर ही काहीतरी गाळतेय! मावशीसारखी!"

ठक. ठक. एकामागून एक चिमटे जमिनीवर पडायला लागले. फसवलं गेल्याचा राग होता तो, आणि अशा रागाला आवर घालणं महाकठीण. काकांनी तेवढं काही ठोकलं नाही, पण त्यांच्याकडे चिमटाच नव्हता.

आत्या दारातून पुढे आली. "ऐकलंस ना? उतर खाली."

वकील हलली नाही. "शेवटचं प्रकरण राहिलंय," ती म्हणाली. "पुस्तक चुकलं, की मी चुकले, की आपण सगळे चुकलो, ते जेवणाच्या सुट्टीनंतर सांगते. नाही सांगता आलं तर माझी मी उतरते आणि जन्मभर घरी बसते. मग तर झालं?"

आत्याने तिच्याकडे बघितलं. "सुट्टीनंतर," ती म्हणाली आणि वळली.

वकील डबा न उघडताच जिन्यावर जाऊन बसली. तिने मागची पानं काढली. आपण काही गाळलं नाही, हे तिला पक्कं माहीत होतं. लिहिणाऱ्याने एवढी मोठी गोष्ट नीट रचली होती, तो बापाचं काळीज का बदललं ते लिहायचं विसरेल कसा? म्हणजे आपलाच कुठलातरी टाका चुकला. पण कुठला? भयंकर राग. बरोबर. भयंकर झोप. बरोबर. मग?

आणि तिला आठवलं. ती पोरसवदा होती, पहिला बॉल शिवत होती, आणि एक कड नीट जुळली म्हणून टाळ्या पिटत उठली होती. आत्याने तेव्हा असा आवाज लावला होता की ती दचकून खालीच बसली. ‘एक कड जुळली म्हणून नाचतेस काय? पाची जुळव! चौथ्या कडेला सुरकुती पडली तर तुकडाच चुकीचा, गुमान उसव!’

तिने झोपेचं ते वाक्य पुन्हा वाचलं, पण या वेळी शेवटापर्यंत, शब्दावर बोट ठेवून. आणि जिन्यावर एकटीच असताना मोठ्याने म्हणाली, "अगं माझ्या मूर्खे!"

सुट्टी संपली. सगळे आपापल्या जागी बसले, पण सुया कोणी उचलल्या नाहीत.

"बिजली," वकील स्टुलावरून म्हणाली. "समज तू गाढ झोपली आहेस. मी तुझ्या खोलीत आले, तुझ्याकडे बघितलं, आणि निघून गेले. तू डोळे कधी उघडणार?"

"सकाळी. आईने पांघरूण ओढल्यावर."

"माझ्या पावलांचा आवाज विरल्यावर नाही?"

"वेडी आहेस का? गाढ झोपेत मला तुझी पावलं कशी ऐकू—" बिजली मधेच थांबली. तिचं तोंड उघडंच राहिलं. मग ती स्टुलावरून उठलीच. "ऐकत होता! तो पावलं ऐकत होता! झोपला नव्हता मेला, जागा होता!"

"मग ती झोप कसली?"

"झोपेचं सोंग!"

"आता तोच तुकडा त्याच्या रागाला लावून बघ."

बिजलीने लावून बघितला. तिच्या तोंडाकडे बघूनच कळत होतं, कडेला कड कशी बसत गेली ते. "रागाचं सोंग," ती हळू म्हणाली. "ती त्याच्यासाठी राहिली असती. म्हणून हाकललं. आणि आपण त्याला..." तिने नाक ओढलं आणि उगाचच मेणाचा गोळा शोधायला लागली.

खिडकीजवळ कोणीतरी पदराने डोळे टिपले. काकांचा पंप केव्हाच थांबला होता. इतके दिवस ज्याला शिव्या घातल्या, त्या म्हाताऱ्याची माफी मागायची सोय नव्हती, तेवढ्यामुळे सगळे कासावीस झाले होते.

"चूक माझी," वकील म्हणाली. "एक कड जुळली आणि मी नाचले. चला, शेवटचं प्रकरण."

तिने वाचलं. मुलगी पायऱ्या उतरून आली, आणि म्हातारा पुन्हा ओरडायला लागला, वर जा, पाय घसरेल, अक्कल कुठे ठेवलीस. आणि या वेळी ओरडणाऱ्या म्हाताऱ्याकडे बघून ती मुलगी हसली, आणि तिच्याबरोबर सगळी खोली हसली, ओल्या डोळ्यांनी.

पुस्तक मिटलं. आत्याने कोरड्या आवाजात विचारलं, "वाचन की स्पीकर? वाचनासाठी हात वर."

हात वर गेले. काकांनी पंपासकट केला. बिजलीने तर दोन्ही हात वर केले, दोन्हींत सुया.

वकिलाला आभाळ ठेंगणं झालं. तिने ऐटीत टोपलीकडे हात केला. "अरे, मला कधीचं माहीत होतं! रोज माझी टोपली भरत होतात की! तोंडाने नाही, पण हाताने मत केव्हाच दिलं होतंत तुम्ही."

लोक एकमेकांकडे बघायला लागले.

"आम्ही?" बिजली म्हणाली. "आम्हाला वाटलं जुनी माणसं टाकतायत."

"आम्हाला वाटलं तुम्ही पोरं," खिडकीजवळचे म्हणाले.

वकील ओशाळली. एवढे दिवस ती ज्या जोरावर मान ताठ करून बसली होती, तो जोर भलतीकडूनच येत होता. पंपवाल्या काकांनी तिच्या टोपलीतला, सकाळी तपासायला आलेला एक बॉल काढला आणि तिच्या हातात दिला. "पुस्तक झकास वाचतेस पोरी," ते म्हणाले. "टोपली वाचायची मात्र राहून गेली."

तिने बॉलवर बोट फिरवलं. शेवटचा टाका, ज्याने बॉल बंद होतो, तो आत लपवलेला असतो, पण शिवणाऱ्याच्या बोटाला तो सापडतोच. सगळ्यांचा तो एकीकडे कललेला असतो. हा दुसरीकडे कललेला होता. डावखुऱ्या हाताचा टाका. त्या खोलीत डावखुरं माणूस एकच होतं, आणि मुकादम झाल्यापासून त्या माणसाला सुई हातात धरायची काही गरज नव्हती.

मग नखांत मेण कसलं होतं? बोटाला चिकटपट्टी कशाला? जे कुलूप वर्षानुवर्षं विनातक्रार लागत होतं, ते आताच नीट का लागेना? आणि ते ओरडणं? चारचौघांत तर ओरडणंच, पण घरीसुद्धा, नेमकं ‘हे काय’ विचारलं तेव्हाच?

वकिलाने मान वर केली. आत्या दाराशी पाठमोरी उभी होती आणि कडी-कोयंडा तपासण्याचं नाटक करत होती.

"आत्या."

"काय आहे?" आत्या वळून गरजली. "बघतेस काय अशी? टोपली उचल, खोली झाडायची आहे! आणि सगळे काय जत्रेत आल्यासारखे उभे? घरंदारं आहेत की नाहीत?"

वकील स्टुलावरून उतरली, तिच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि खणखणीत आवाजात, शेवटच्या स्टुलापर्यंत ऐकू जाईल असं, म्हणाली, "कृतक कोप!"

एवढंच. आणि कोणालाही तिला अर्थ सांगावा लागला नाही. बिजलीने आधी आत्याकडे बघितलं, मग टोपलीकडे, मग आत्याच्या नखांकडे, आणि हातातला चिमटा अलगद खाली ठेवला.

आत्याचा चेहरा तापलेल्या तव्यासारखा लाल झाला. मग खालच्या आवाजात, जो आवाज या खोलीने तिच्याकडून कधी ऐकलाच नव्हता, म्हणाली, "इतरांना शिवायला सांगितलं असतं, तर लोकांनी मुकादमाची भाची ऐकली असती. तुझं वाचन कोणी ऐकलं नसतं. मला तुझं वाचन ऐकवायचं होतं."

वकिलाने तिला मिठी मारली. आत्या लाकडासारखी ताठ उभी राहिली, मग तिचा डावा हात हळूच वर आला आणि भाचीच्या पाठीवर दोनदा थोपटून गेला.

"पण सगळा कृतक नाही हं," ती खांद्यावरून म्हणाली. "अर्धा खरा. भांडी घासत नाहीस तू."

"उद्यापासून टोपली आमची," बिजली मागून म्हणाली. तिचा आवाज फाटला होता. "तुम्ही आता संध्याकाळी वेळेवर घरी जा, आत्याबाई."

"तू मला शिकवू नकोस!" आत्या पुन्हा पहिल्या पट्टीत गेली, आणि या वेळी दचकलं कोणीच नाही. खोलीतली सगळी माणसं तिच्याकडे बघून हसत होती. तिने डोळे पुसले, किल्ली काढली, सगळ्यांना हुसकून बाहेर घातलं आणि दाराला कुलूप लावलं. ते एका फटक्यात लागलं.

घरच्या वाटेवर कोपऱ्यावर वळल्यावर आत्या म्हणाली, "उद्याचं पुस्तक जरा अवघड आण."